समुद्रात काही शिजतंय का?

२०२५च्या मे महिन्यात कोकणावर एक वादळ येणार होते. ते आले नाही, पण त्याचे नाव येऊन गेले. कर्नाटक-गोव्यासमोरच्या समुद्रात हवेचा दाब कमी होणार असल्याची सूचना निघाली आणि तेवढ्यावर मोबाइलच्या पडद्यांवर ‘शक्ती’ नावाचे चक्रीवादळ घोंघावू लागले. प्रत्यक्षात ते कमी दाबाचे क्षेत्र डिप्रेशनपर्यंत वाढले आणि २४ मे रोजी रत्नागिरी व दापोलीच्या दरम्यान जमिनीवर शिरले. नाव मिळण्याइतके बळ त्याला आलेच नाही. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, २६ मे रोजी मुंबईत पोचला, आणि इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद आधी नव्हती. ‘शक्ती’ हे नाव यादीत शिल्लक राहिले. ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रातच तयार झालेल्या एका खऱ्याखुऱ्या चक्रीवादळाला ते लागले.

मे महिन्यातल्या त्या प्रकरणावर नंतर दोन प्रकारची टिंगल झाली. वादळ फुसके निघाले, ही एक. हवामान खात्याला काही कळत नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या जागी होत्या. खात्याने वादळाला नाव दिलेच नव्हते, कारण ताशी ६२ किलोमीटरचा वारा सतत वाहू लागल्याशिवाय नाव देण्याची पद्धत नाही. आणि डिप्रेशन किनाऱ्यावर आले, मुसळधार पाऊस पडला, समुद्र खवळला. यात फुसके काय होते, हे त्या दिवशी बोटी ओढून घेणाऱ्यांना विचारायला हवे. गोंधळ झाला तो ‘होऊ शकते’ आणि ‘होणार’ यांच्यातले अंतर पुसले गेल्यामुळे. आमच्या या संग्रहाचा विषय तेवढाच आहे. झालेल्या वादळांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पडलेल्या पोफळी, उडालेले पत्रे, मंत्र्यांचे दौरे. वादळ व्हायच्या आधीचे जे तीन, पाच, सात दिवस असतात, जेव्हा समुद्रावर नुसता ढगांचा एक पुंजका असतो आणि कोणीतरी त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत असते, त्या दिवसांविषयी फारसे वाचायला मिळत नाही.

नव्या वाचकासाठी आधी पायऱ्या सांगतो. आपल्याकडे मोजमाप वाऱ्याच्या वेगाने होते. ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल तोवर ते कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ म्हणजे डिप्रेशन, ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ६२ पासून चक्रीवादळ सुरू होते आणि मग तीव्र, अतितीव्र असे करत २२२च्या पुढे सुपर सायक्लोनपर्यंत जाते. आपल्याला परिचय असतो तो वरच्या पायऱ्यांचा. टेहळणीचे खरे काम खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर चालते आणि तिथेच बहुतेक पुंजके विरून जातात.

हवामान खाते उत्तर हिंदी महासागरासाठी रोज एक पत्रक काढते. पुढचे सात दिवस, चोवीस-चोवीस तासांचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात डिप्रेशन तयार होण्याची शक्यता : शून्य, कमी (१ ते ३३ टक्के), मध्यम (३४ ते ६७) किंवा जास्त (६८ ते १००). दर गुरुवारी दोन आठवड्यांचा अंदाज वेगळा निघतो. ही शक्यता समुद्रात कुठेतरी डिप्रेशन तयार होण्याची असते. ते वादळ होईल, आणि झालेले वादळ आपल्याच गावावर येईल, ही पुढची दोन स्वतंत्र गणिते. वाचणारा ती तिन्ही एकात मिसळतो. शिवाय मध्यम शक्यतेच्या दहा प्रसंगांपैकी साधारण पाचांत काहीच झाले नाही, तर अंदाज करणारा बरोबर ठरतो. दहाच्या दहा वेळा डिप्रेशन झाले असते तर त्याचे चुकले असते, कारण त्याने ‘जास्त’ म्हणायला हवे होते. हे एकदा ध्यानात आले की रोजच्या पत्रकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आमच्या मते ते शाळेतच शिकवायला हवे, निदान किनाऱ्यावरच्या शाळांत.

पुंजक्याचे वादळ का होते, आणि बहुतेकदा का होत नाही? याचे सर्वांत उपयोगी उत्तर विल्यम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडले आणि आजही टेहळणी त्याच मुद्द्यांवरून पुढे सरकते. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम हवे, आणि तेही नुसत्या पृष्ठभागावर नाही, काही खोलीपर्यंत. नाहीतर वारा पाणी ढवळतो, खालचे गार पाणी वर येते आणि वादळाचे इंधन तुटते. विषुववृत्तापासून पाचेक अंश तरी दूर असायला हवे, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारी वळणाची ओढ त्याच्या आत अगदी क्षीण असते. हवेच्या मधल्या थरांत बाष्प हवे. खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या वेगात, दिशेत फार फरक नको. आणि आधीपासून कुठेतरी हवा गरगरायला लागलेली हवी. शांत हवेत वादळ आपोआप जन्मत नाही.

या यादीतली चौथी अट अरबी समुद्राचे सगळे वेळापत्रक ठरवते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, पाऊस कोसळत असतो, तरीही चक्रीवादळे जवळपास नसतात. खाली नैर्ऋत्येचा जोरदार मोसमी वारा आणि वर पूर्वेकडून येणारा तितकाच जोरदार झोत, यांच्यात उभे राहू पाहणारे ढगांचे खांब मोडून पडतात. म्हणून आपल्याकडे वादळांचे दोन हंगाम. एक मोसमी पावसाच्या तोंडाशी, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. दुसरा तो परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. मे महिन्यात केरळ-लक्षद्वीपच्या बाजूचे पाणी तीस अंशांवर गेलेले असते. मोसमी वारे उत्तरेकडे सरकताना त्यांच्या पुढच्या कडेला, याच गरम पाण्यावर, बऱ्याचदा एखादा भोवरा तयार होतो; कधी तो पावसाला हात धरून आणतो, कधी सगळे बाष्प ओमानकडे ओढून नेतो. त्यामुळे मे महिन्यातली टेहळणी ही पावसाच्या आगमनाचीही टेहळणी असते. पेरणीची वाट पाहणारा देशावरचा शेतकरी अरबी समुद्रातल्या भोवऱ्याशी इतका बांधलेला असतो, हे नकाशा पाहिल्याशिवाय पटत नाही.

इतिहासाकडे वळले की कोकणाच्या माणसाला थोडे उपरे वाटते, कारण तो जवळजवळ सगळा बंगालचा आहे. वादळांत वारा एका केंद्राभोवती फिरतो, हे अमेरिकेत रेडफील्डने १८३१ मध्ये दाखवले. हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्याच्या गृहस्थाने बंगालच्या उपसागरातल्या जहाजांच्या रोजनिशा चाळून त्याचे नियम बसवले आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी पुस्तक लिहिले. ‘सायक्लोन’ हे नाव त्याचेच. मला त्याच्या पुस्तकाहून त्याचे १८५३चे पत्र जास्त मोलाचे वाटते. सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते, तेव्हा त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला उघड पत्र लिहून बजावले की एक दिवस वादळी उधाण या जागेवरून जाईल. बंदर बांधले गेले. १८६७ मध्ये, पिडिंग्टनच्या मृत्यूला नऊ वर्षे झालेली असताना, समुद्र आत आला आणि पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त झाले. कोणते वादळ, कोणत्या साली, हे त्याने सांगितले नव्हते आणि त्याला सांगताही आले नसते. शक्यता सांगणाऱ्याचे एवढेच काम असते, आणि ती मनावर न घेण्याची परंपराही तेवढीच जुनी आहे.

मधे १८६४ साल येऊन गेले होते. त्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या वादळात हुगळीतून चढलेल्या लाटेने सुमारे साठ हजार माणसे नेली. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे सुरू झाले, १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्डच्या हाताखाली भारतीय हवामान खाते उभे राहिले. मुंबईच्या किनाऱ्याला इशारे मिळू लागले ते १८८० मध्ये. कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासूनची, हवामानाच्या नियमित नोंदी १८४१ पासूनच्या. पण समुद्रावर नजर ठेवण्याची घाई इकडे नव्हती. तिला कारणही होते. बंगालच्या उपसागरात चार वादळे तेव्हा अरबी समुद्रात एक, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाई, आणि त्या एकाचाही कल किनाऱ्यापासून दूर, अरबस्तानाकडे किंवा फार तर वळून गुजरातकडे. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या समुद्रात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. गुजरातीत तिची गाणी झाली. आपल्याकडे तेवढीही आठवण उरली नाही.

आठवणीचा विषय निघाला म्हणून १८८२चे प्रकरण सांगून टाकतो, कारण या संग्रहाच्या वाचकाला ते आज ना उद्या भेटणारच. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेली, असे कित्येक याद्यांत, पुस्तकांत छापलेले आढळते. १८८१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस एका दिवसात गेला आणि शहरातल्या एकाही वर्तमानपत्राने, वेधशाळेने, नगरपालिकेने त्याची दखल घेतली नाही! अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’साठी मुंबईच्या धोक्याचा शोध घेतला, हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या, आणि असे वादळ झालेच नाही या निष्कर्षाला बळ मिळाले. गंमत अशी की मुंबईला खरी वादळे भेटून गेली आहेत, नोव्हेंबर १८५४ मध्ये आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये. ती कोणी सांगत नाही. खोटे वादळ आकड्यामुळे टिकले आणि खरी दोन विसरली गेली. आमच्या एका लेखकाने या प्रकरणावर बरीच मेहनत घेतली आहे; ती विनोदासाठी नाही. कोणत्या किनाऱ्याला किती वर्षांनी कसले वादळ भेटू शकते, हे गणित जुन्या नोंदींवरच उभे राहते, आणि त्यांत एक बनावट लाख शिरला की सगळे बिघडते.

समुद्राकडे पाहण्याच्या रीती काळाप्रमाणे बदलल्या, पण जुनी रीत नव्या रीतीने पूर्णपणे मोडीत काढली असे झाले नाही. पहिली खलाशाची : बॅरोमीटर पडतो आहे का, वारा कोणत्या बाजूने फिरतो आहे, आणि वारा नसतानाच लांब अंतराची लाट का येते आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की उत्तर गोलार्धात कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते, हा नियम शिकलेला तांडेल नकाशाशिवायही बाजू ओळखतो. दुसरी रीत नकाशाची. तारायंत्राने आणि पुढे वायरलेसने जहाजांकडून दाबाचे, वाऱ्याचे आकडे येऊ लागले आणि कार्यालयात बसलेल्या माणसाला पहिल्यांदा अख्खा समुद्र एका कागदावर दिसला. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आले, आणि १९४४ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत देशभरच्या नकाशांचा कारभार त्या इमारतीतून चालला? या रीतीत एक चमत्कारिक अडचण होती. इशारे जसजसे सुधारले तसतशी जहाजे वादळापासून लांब पळू लागली, आणि वादळाच्या पोटातले आकडे मिळेनासे झाले.

मग उपग्रह आले. १ एप्रिल १९६० रोजी ‘टायरॉस’ सुटला आणि ढगांची वळणे वरून दिसू लागली. पण चित्र दिसणे वेगळे आणि त्यावरून वाऱ्याचा वेग सांगणे वेगळे. ते कोडे अमेरिकेतल्या व्हर्नन ड्वोरॅकने १९७०च्या दशकात सोडवले. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेला आहे, माथे किती थंड म्हणजे किती उंच आहेत, डोळा दिसतो का, यावरून तो एक आकडा काढायला शिकवतो. दीड म्हणजे डिप्रेशन, अडीच म्हणजे चक्रीवादळ, साडेतीन म्हणजे तीव्र चक्रीवादळ. अमेरिकेत वादळात शिरून मोजमाप करणारी विमाने असतात. आपल्याकडे तशी नेहमीची व्यवस्था नाही, त्यामुळे आपली भिस्त या वाचनावर त्यांच्याहून कितीतरी अधिक. ते करणारा माणूस तरबेज असावा लागतो, आणि तरीही एकच चित्र पाहून दोन तरबेज माणसे अर्ध्या आकड्याने वेगळी पडू शकतात. अर्धा आकडा म्हणजे काही वेळा डीप डिप्रेशन आणि नामांकित वादळ यांच्यातले अंतर. बातमीत मात्र तेवढ्याने एक नाव अवतरते.

चौथी रीत संगणकाची. हवेची आणि समुद्राची आजची स्थिती घालायची आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांना उद्याची विचारायची. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तीच गणिते पुन्हा पुन्हा चालवायची, आणि त्यांतल्या कितींत वादळ होते ते पाहून टक्केवारी सांगायची. हिच्या जोडीला लांब पल्ल्याचे एक शहाणपण आले. मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारी, तीस ते साठ दिवसांनी फेरी पुरी करणारी ढगाळ लाट ओळखली. ती हिंदी महासागरावर असली की वादळाची शक्यता वाढते, सरकून गेली की घटते. गुरुवारच्या पत्रकाचा जीव बऱ्याच अंशी हिच्यात आहे. अलीकडे जुन्या नोंदींवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे वादळाचा मार्ग झटपट सांगू लागली आहेत. वेगाने बळावणारी वादळे मात्र कोणत्याही रीतीला अजून चकवतात.

हे सगळे आता का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१९ मध्ये वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे एकट्या अरबी समुद्रात झाली; १९०२ नंतर एवढी कधी झाली नव्हती. क्यार सुपर सायक्लोन झाले, २००७च्या गोनूनंतर या समुद्रातले पहिलेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते कोकणाला घासून गुजरातकडे गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १९८२ ते २०१९ या काळाचा हिशेब मांडला. त्यातल्या पहिल्या निम्म्याच्या तुलनेत २००१ नंतर अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली होती, अतितीव्र वादळे १५० टक्क्यांनी, आणि वादळांचा एकूण मुक्काम ८० टक्क्यांनी. समुद्र तापतो आहे, हे त्यामागचे मुख्य कारण.

एकमत मात्र नाही, आणि आम्ही ते असल्याचा आव आणलेला नाही. २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये अमाटो एव्हन आणि इतरांनी असे मांडले की दक्षिण आशियावरच्या धुराच्या, काजळीच्या थरामुळे मोसमापूर्वीचे वारे मंदावले, वरखालच्या वाऱ्यांतला फरक घटला आणि वादळांना मोकळीक मिळाली. लगेच प्रतिवाद आला : वादळे बळावली ती हंगामात आधी होऊ लागल्यामुळे, मोसमी वारे स्थिर होण्यापूर्वीची अनुकूल वेळ त्यांना सापडते. २०१७ मध्ये हिरोयुकी मुराकामी यांच्या गटाने पावसानंतरच्या हंगामातल्या उग्र वादळांचे खापर माणसाने घडवलेल्या तापमानवाढीवर फोडले. २०१९ मध्ये हिंदी महासागराचे पश्चिमेकडचे पाणी पूर्वेपेक्षा फारच तापले होते. ते वर्ष दीर्घ बदलाचे की नैसर्गिक झोक्याचे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आणि उपग्रहापूर्वीच्या काळात भर समुद्रात होऊन तिथेच विरलेली किती वादळे कोणी पाहिलीच नाहीत, हा प्रश्न प्रत्येक जुन्या आकड्याच्या मागे उभा असतो. माझा स्वतःचा कल तापमानवाढीकडे आहे. पण तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून कोकणातल्या एखाद्या तालुक्याचे भविष्य सांगणाऱ्यांपासून वाचकाने चार हात दूर राहावे.

आता ज्यांच्यासाठी ही सारी टेहळणी, त्यांच्याकडे. निसर्गचे उदाहरण घ्या. ३१ मे रोजी कमी दाबाचे क्षेत्र, १ जूनला डिप्रेशन, २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ, ३ जूनच्या दुपारी जमिनीवर. घरातल्या माणसाला हलवायला एवढा अवधी पुरला. शिवाय पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे होड्या बव्हंशी किनाऱ्याला होत्या. नोव्हेंबर २००९चे फयान याच्या उलट. अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान ते ११ तारखेला जमिनीवर आले तेव्हा हंगाम ऐन भरात होता, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी बोटी बाहेर होत्या. जे परतले नाहीत त्यांच्या घरांत आजही वादळाचे वर्ष विचारले तर फयानचेच सांगतात. २०१७ मध्ये ओखी कन्याकुमारीजवळ एका दिवसाच्या आत डिप्रेशनचे चक्रीवादळ झाले. इशारा निघाला तेव्हा केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. शेकडो गेले. जे वाचले त्यांच्या साठाहून अधिक बोटी वाऱ्यापुढे पळत थेट देवगडला लागल्या.

म्हणजे सात दिवसांचे पत्रक ज्याला खरोखर हवे असते तो मच्छीमार, दहा-बारा दिवसांची फेरी मारून येणारा. डिझेल-बर्फ भरून, खलाशांना उचल देऊन बोट निघायच्या सकाळी जर ‘कमी शक्यता, पाचव्या दिवसानंतर’ असे लिहिले असेल तर नाखव्याने काय करायचे? थांबावे तर खर्च अंगावर, निघावे तर परतीचे अंतर अंगावर. वेधशाळेला हा प्रश्न सोडवता येत नाही. तो सोसायटीचा, विम्याचा, बाजारभावाचा प्रश्न आहे. संदेश पोचवण्याचीही अडचण आहे. मोबाइल किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुका होतो. ओखीनंतर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्र-माहिती केंद्राने उपग्रहावरून संदेश घेणारे ‘जेमिनी’ हे यंत्र आणले, पण ते ऐकते फक्त. त्यावरून उलट उत्तर देता येत नाही. आणि समुद्रात नांगरलेले जे तरंगते बोये दाब-तापमान कळवत असतात, त्यांच्याभोवती मासे जमतात म्हणून तिथेच जाळी टाकली जातात आणि बोये नादुरुस्त होतात. दोन्ही बाजूंनी एकमेकांना दोष देऊन झाला आहे. संग्रहातल्या एका लेखात या बोयांची गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळेल.

फसलेल्या इशाऱ्यांचा खर्चही खोटा नसतो. जून २०१९ मध्ये वायूसाठी गुजरातेत सुमारे तीन लाख माणसे हलवली आणि वादळ वेरावळच्या समोरून समुद्रातच वळून गेले. पुढच्या वेळी ती माणसे हलतील का? ओडिशाने याचे एक उत्तर दिले आहे. १९९९च्या सुपर सायक्लोनमध्ये तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३च्या फायलिनमध्ये काही डझन. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी फुकट गेलेल्या स्थलांतरांची लाज बाळगणे सोडले होते. उलट टोकाला मुंबई हायजवळ १७ मे २०२१ची रात्र. तौक्तेचा इशारा दिवसन् दिवस आधी निघालेला असताना २६१ माणसे असलेला पी-३०५ हा तराफा समुद्रातच राहिला, नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. नौदलाने १८६ जणांना वाचवले. तिथे टेहळणी कमी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही.

आमच्या संग्रहाची मर्यादाही सांगायला हवी. त्सुनामी यात नाही, पुराचे व्यवस्थापन नाही, नुकसानभरपाईचे राजकारण जवळजवळ नाही. बंगालच्या उपसागराचा इतिहास लागेल तेवढाच घेतला आहे. लिहिणारे एका पठडीतले नाहीत : वेधशाळेत रात्रपाळ्या केलेले आहेत, समुद्रविज्ञानाचे अभ्यासक आहेत, बंदरावर बावटे चढवलेले आहेत आणि दोघेजण ऐन तरुणपणापासून ट्रॉलरवर आहेत. त्यांची भाषा एकसारखी करण्याचा मोह आम्ही टाळला. कुठे ‘वादळी उधाण’ सापडेल, कुठे नुसते ‘पाणी चढले’. हवामानशास्त्रज्ञ आणि तांडेल यांचे म्हणणे जिथे जुळत नाही तिथे दोन्ही ठेवले आहे, तळटीप न लावता.

लेख क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी बंदराच्या लेखांपासून सुरुवात करावी. एक ते अकरा नंबरच्या बावट्यांचे अर्थ तिथे आहेत. पहिले दोन दूरच्या वादळाचे, तीन-चार स्थानिक सावधानतेचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे, आणि अकरावा संपर्कच तुटल्याचा. कोकणात एरवी तीनच्या पुढे फारसा जात नाही, म्हणून तीनला कोणी भीतही नाही. ही सवय कशी लागली याची चर्चाही तिथेच सापडेल. शेवटी एक कोरा नकाशा जोडला आहे, विषुववृत्तापासून कच्छपर्यंतचा, अक्षांश-रेखांशांच्या रेघांसह. तो फाडून भिंतीला लावण्यासाठीच आहे. रोजच्या पत्रकात केंद्राचे ठिकाण अंशांत दिलेले असते. एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत ते पेन्सिलीने मांडत जावे. पेन्सिलच घ्यावी, कारण बऱ्याच खुणा दोन दिवसांत खोडाव्या लागतील.